ताट वाजवलं की वळते, पण फूल आणि चूल तिला एकच: एका मुलीच्या कानांची केस

ही केस सातारा जिल्ह्यातल्या एका गावातल्या मुलीची आहे. घरच्यांना विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितेय, तिला इथे चिऊ म्हणूया. मी ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट आहे, तालुक्याच्या गावी काम करते. अजिबात ऐकू न येणाऱ्या मुलांबद्दल, कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र) आता बरंच वाचायला मिळतं आणि ते चांगलंच आहे, पण चिऊसारखी मुलं, ज्यांना काही आवाज व्यवस्थित ऐकू येतात आणि काही येतच नाहीत, ती वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच येत नाहीत. त्यांना हट्टी म्हणतात, आळशी म्हणतात, लक्ष नसतं म्हणतात. म्हणून ही केस पहिल्या दिवसापासून सविस्तर मांडतेय.

चिऊ आली तेव्हा साडेचार वर्षांची होती, २०२२ चा उन्हाळा नुकता सुरू होत होता. तक्रार दोन प्रकारची होती. घरच्यांच्या मते बोलणं थोडं बोबडं आहे, बाकी काही नाही. बालवाडीच्या बाईंच्या मते ती सांगितलेलं ऐकत नाही, मधेच उठते, दुसऱ्या मुलांकडे बघून मग तेच करते, आणि दुपारी चिडचिड करून रडते. आजी सोबत आल्या होत्या, त्यांचं म्हणणं ठाम होतं, "मॅडम, हिला समदं ऐकू येतंय, ताट वाजवलं की गर्रकन वळती. हिचा बाबा बी उशिरानंच बोलला." आई मात्र जरा थांबून म्हणाली की समोर बसून बोललं की सगळं कळतं, आतल्या खोलीतून हाक मारली तर कधी येते, कधी नाही, आणि ती शिलाई मशीनवर बसलेली असली की चिऊ तिच्या अगदी तोंडासमोर येऊन उभी राहते.

त्या एका वाक्यात अर्धी केस होती. कोविडच्या काळात चिऊ घरीच होती, अंगणवाडी बंद, माणसं सगळी जवळची, सगळे तोंडासमोर बसून बोलणारे, त्यामुळे काही खटकलंच नाही. २०२२ च्या सुरुवातीला शाळा परत उघडल्या तेव्हा बाईंच्या तोंडाला मास्क होता. आणि तिथून तक्रारी सुरू झाल्या. म्हणजे जी मुलगी ओठ बघून निम्मं समजून घेत होती तिचे ओठच झाकले गेले, आणि हे ना बाईंना माहीत होतं ना घरी, कारण ओठ वाचणं तिला कुणी शिकवलंच नव्हतं, तिनं ते स्वतःच्या गरजेनं उचललं होतं. लहान मुलं हे करतात, आणि इतकं बेमालूम करतात की आईबापांनाही पत्ता लागत नाही.

मी आधी टेस्टच्या मशीनला हात न लावता तिच्याशी नुसत्या गप्पा मारल्या, खेळणी काढली, आणि ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहून घेतलं. साखर म्हणजे "आकर". शाळा म्हणजे "आळा". फुगा "पुगा", चप्पल "तप्पल". हे सुटं सुटं बघितलं तर कुणीही म्हणेल लहान आहे, सुधारेल. पण वाक्यं बघा: "आजी घरा हाय." "ताटा भात हाय." "मला दे." "बाबानी आणलं." ला आहे, नी आहे, पण "घरात" मधला त गायब, "ताटात" मधला शेवटचा त गायब. घरातली सगळी माणसं तिला दिवसभर "जेवलीस का", "कुठं गेलीस", "काय केलंस" विचारत होती आणि ती बाहुलीला विचारताना "जेवली का", "कुठं गेली" म्हणत होती, शेवटचा स कधीच नाही. ज्या प्रत्ययात ल, न, म आहे तो तिच्या बोलण्यात होता, ज्यात स किंवा त आहे तो नव्हता. नुसत्या बोबडेपणात इतकी शिस्त नसते. हा कानाचा पॅटर्न आहे, आणि तो का येतो ते समजायला कान कसा चालतो हे थोडं बघावं लागेल.

आवाज म्हणजे हवेतला दाब कमीजास्त होणं. तो कानाच्या नळीतून पडद्यावर येतो, पडदा हलतो, पडद्याला चिकटलेली तीन हाडं हलतात, त्यातलं शेवटचं रिकीब म्हणजे शरीरातलं सगळ्यात छोटं हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचं. ही हाडं लागतात कशाला, तर आतला कान पाण्यासारख्या द्रवानं भरलेला असतो आणि हवेतला आवाज सरळ पाण्यावर पडला तर बहुतेक सगळा परत फिरतो. पडदा मोठा आणि रिकिबीचा तळ त्याच्या मानानं बारका, साधारण सतरा-अठरा पट फरक, त्यामुळे दाब वाढतो आणि आवाज आत शिरतो. इथपर्यंतचं काम यांत्रिक आहे. मधल्या कानात सर्दीचं पाणी साठलं की हेच काम अडतं, आणि ते बहुतेक वेळा बरं होतं.

खरी गंमत आतल्या कानात, कॉक्लिआमध्ये. शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी, उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर. तिच्यात लांबीभर एक पातळ पडदा ताणलेला असतो, सुरुवातीला अरुंद आणि ताठ, टोकाकडे रुंद आणि सैल. बारीक उंच आवाज आला की सुरुवातीचा भाग जास्त हलतो, जाड खालचा आवाज आला की टोकाकडचा. पेटीवर जशी प्रत्येक पट्टीची जागा ठरलेली तशी इथे प्रत्येक फ्रिक्वेन्सीची, म्हणजे आवाजाच्या प्रत्येक उंचीची, जागा ठरलेली. हे लाटेसारखं पुढे जाणं प्रत्यक्ष बघून दाखवलं जॉर्ज फॉन बेकेशी यांनी, त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो असं आपण शाळेत शिकतो, ते सगळं या ३५ मिलिमीटरमध्ये मांडलेलं असतं.

या पडद्यावर केसपेशी, म्हणजे वर केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात, एका कानात आतल्या रांगेत साधारण ३,५०० आणि बाहेरच्या तीन रांगांत साधारण १२,०००. मेंदूकडे खबर पाठवायचं मुख्य काम आतल्या रांगेचं. बाहेरच्या पेशी वेगळंच काम करतात, त्या आवाजाच्या तालावर स्वतः आखडतात आणि लांबतात आणि हळू आवाजाला ढकलून मोठं करतात. त्यांच्या या हालचालीतून कानातून उलटा बारीकसा आवाज बाहेर येतो, १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी तो मोजला, आणि नवजात बाळांची जी ओएई टेस्ट करतात ती हाच परतीचा आवाज पकडते. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते, या पेशी माणसात एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. कुठलंही तेल, कुठलाही काढा, कुठलंही टॉनिक त्या परत आणत नाही.

आता मराठी बोलण्याकडे या. आ, ओ, ऊ हे स्वर, म, न, ल ही अक्षरं, यांची ताकद मुख्यतः खालच्या आणि मधल्या फ्रिक्वेन्सीत असते आणि ती मोठ्यानं येतात. स, श, फ, च, थ यांची ताकद वर, स तर बहुतांश ४,००० हर्ट्झच्या वरच, आणि मुळातच हळू. एकाच वाक्यात आ आणि स किंवा फ यांच्यात २५-३० डेसिबलचा फरक सहज असतो. ज्या मुलाच्या वरच्या फ्रिक्वेन्सीच्या केसपेशी गेल्यात त्याला माणूस बोलतोय हे ऐकू येतं, कोण बोलतंय ते कळतं, रागावलंय की लाडानं बोलतंय तेही कळतं, कारण चाल आणि स्वर सगळे पोचतात. फक्त शब्द कोणता ते कळत नाही. साप, ताप, चाप, सगळ्यात "आप" तेवढं येतं.

चिऊसाठी मी चार चित्रं मांडली. फूल, मूल, चूल आणि बेंदराला बैलावर टाकतात ती झूल. आधी समोर बसून, तोंड दाखवून. सगळी बरोबर, पटापट बोट ठेवलं, आजींनी माझ्याकडे बघितलं की बघा म्हणून. मग तोंडासमोर कागद धरला आणि तेच शब्द तेवढ्याच आवाजात म्हटले. मूल दर वेळी बरोबर. झूल कधी बरोबर, कधी नाही. फूल आणि चूल मात्र नुसता अंदाज, आणि प्रत्येक वेळी बोट ठेवायच्या आधी ती मान वाकडी करून कागदाच्या मागे बघायचा प्रयत्न करत होती. आजी गप्प झाल्या. ताट वाजवणं आणि ही टेस्ट यातला फरक तिथल्या तिथे दिसला. ताटाचा दणका बोलण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यात सगळ्या पट्ट्यांचे आवाज एकदम असतात, शिवाय हात हलताना दिसतो, सावली पडते. त्याला मूल वळलं म्हणजे मुलाला तेवढा मोठा आवाज कळला, इतकंच. टाळ्या, दार आपटणं, खुळखुळा, सगळ्यांचं तेच.

मग मशीनवर टेस्ट. या वयात प्ले ऑडिओमेट्री जमते, बीप आला की एक रिंग खांबात टाकायची, चिऊला खेळ लगेच समजला. पण इथे केसला एक वळण आलं. टिम्पॅनोमेट्रीत, म्हणजे कानाचा पडदा किती हलतो ते बघायच्या टेस्टमध्ये, दोन्ही कानांत बी टाइप, म्हणजे पडद्यामागे पाणी. सर्दी होतीच, तोंड उघडं ठेवून झोपते असंही आईनं सांगितलं. आणि याआधी एका डॉक्टरांनी कानात बघून हेच सांगितलं होतं, पाणी आहे, औषध घ्या, ऐकू येईल, बोबडेपणा जाईल. सांगितलं ते खोटं नव्हतं, पाणी होतंच. बालवाडीच्या वयात हे इतकं कॉमन आहे की पाणी दिसलं की सगळ्याचा दोष त्याच्यावर टाकला जातो आणि पुढचं कुणी बघत नाही.

म्हणून बोन कंडक्शन. कानामागच्या हाडावर छोटा व्हायब्रेटर ठेवून आवाज दिला की तो पडदा आणि मधली हाडं टाळून सरळ कॉक्लिआत जातो. नुसतं पाणीच असेल तर बोनचे आकडे नॉर्मल यायला हवेत. खालच्या फ्रिक्वेन्सीला ते नॉर्मलच आले. २,००० आणि ४,००० ला नाही आले. म्हणजे पाण्याच्या मागे दुसरं काहीतरी आहे, आणि ते आतल्या कानात आहे.

आईला मी जन्माच्या वेळचे कागद आणायला सांगितले. पुढच्या वेळी तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं डिस्चार्ज कार्ड आणलं. एकतिसाव्या आठवड्यात जन्म, वजन १ किलो ४०० ग्रॅम, काही दिवस व्हेंटिलेटर, सेप्सिससाठी (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) ॲमिकॅसिन या अँटिबायोटिकचा कोर्स, कावीळ, फोटोथेरपी. आणि खाली एका ओळीत, ओएई फॉलोअपला. ही ओळ घरात कुणाला समजली नव्हती आणि कुणी समजावूनही सांगितली नव्हती, बाळ जिवंत घरी येतंय याच आनंदात सगळे होते. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहिलेल्या बाळाच्या कानांची तपासणी हा तिथल्या उपचाराचाच भाग आहे, आणि ती कार्डावर लिहून भागत नाही, बाळाच्या आईला तिच्या भाषेत, तारीख देऊन सांगावी लागते. हे मी चिडूनच लिहितेय, कारण असं कार्ड मी एकदाच बघितलेलं नाही.

ॲमिकॅसिन, जेंटामायसिन या गटातली औषधं केसपेशींना बाधू शकतात, आणि सुरुवात होते ती कॉक्लिआच्या सुरुवातीच्या वेढ्यातल्या बाहेरच्या केसपेशींपासून, म्हणजे नेमक्या उंच फ्रिक्वेन्सीच्या जागेपासून. चिऊचा उतरता ऑडिओग्राम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती ऐकू येतं त्याचा आलेख) त्याच्याशी जुळतो. काही घराण्यांत मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या भागातला एक जनुकीय बदल आईकडून मुलांकडे येतो आणि त्यांना हे औषध थोड्या डोसातही बाधतं, म्हणून आईकडच्या नातेवाइकांत इंजेक्शननंतर कुणाचं ऐकणं गेलंय का ते विचारलं, तसं कुणी नव्हतं. कमी दिवसांचा जन्म, ऑक्सिजनची कमतरता, कावीळ, यांतलं प्रत्येक कारण कानाला धोक्याचंच, त्यामुळे एकावर बोट ठेवता येत नाही. आईला मी हे आवर्जून सांगितलं की त्या औषधानं पोरीचा जीव वाचलाय, ते दिलं म्हणून कुणाला दोष द्यायचा नाही आणि स्वतःला तर अजिबातच नाही. ती तेव्हा रडली, कारण साडेचार वर्षं तिला घरात ऐकवलं जात होतं की तू मशीनवर बसतेस, पोरीशी बोलत नाहीस, म्हणून ती बोलत नाही.

ईएनटी डॉक्टरांनी पाण्यासाठी थांबून बघायचं ठरवलं, तीनेक महिन्यांत ते बरेचदा आपोआप जातं. गेलंही. पावसाळ्याच्या तोंडावर परत टेस्ट केली, टिम्पॅनोमेट्री ए टाइप, म्हणजे नॉर्मल, आणि आता खरा ऑडिओग्राम मिळाला. दोन्ही कान जवळपास सारखे (आकडा जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं): ५०० हर्ट्झला २५ डेसिबल, १,००० ला ४०, २,००० ला ६०, ४,००० ला ७५. ओएई नाही. बेरा टेस्टही, जी आवाज कानातून नसेवाटे मेंदूकडे पोचतोय का ते मोजते, याच्याशी जुळली. खालून वर उतार, पायरी पायरीनं. पाणी गेल्यावर चिऊ घरी थोडी जास्त प्रतिसाद द्यायला लागली होती आणि आजींना वाटलं झालं बरं, आता कानाचं मशीन कशाला. इथे अनेक केसेस थांबतात.

हिअरिंग एड लावायचं ठरलं आणि पैशांचा प्रश्न आला. वडील साखर कारखान्यावर हंगामी कामाला. सरकारी मदतीसाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कमी ऐकू येणं याची व्याख्या दोन्ही कानांत बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीला ६० ते ७० डेसिबल अशी आहे, ७० ला बहिरेपणा. चिऊची सरासरी काढा, २५, ४०, ६०, ७५, भागिले चार, ५०. म्हणजे जिला वर्गात फूल आणि चूल वेगळं ऐकू येत नाही ती कायद्याच्या कागदावर कमी ऐकणारी सुद्धा नाही. सरासरीत ५०० चा चांगला आकडा ४,००० चा वाईट आकडा झाकून टाकतो. मोठ्या माणसाला भाषा आधीच येत असते, तो गाळलेल्या जागा डोक्यानं भरतो. चार वर्षांच्या मुलाला जी भाषा अजून आलीच नाही ती तो कुठून भरणार? मुलांसाठी ही मर्यादा वेगळी असायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटी आत्यानं आणि गावच्या गणेश मंडळानं मिळून पैसे उभे केले.

एड कानामागचे घेतले, सेटिंग मुलांसाठीच्या डीएसएल सूत्रानं (कुठल्या फ्रिक्वेन्सीला आवाज किती वाढवायचा ते यातून ठरतं), आणि कानातला साचा मऊ आणि मधून छिद्र असलेला, कारण तिचं खालचं ऐकणं चांगलं आहे, कान पूर्ण बुजवला तर स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो आणि मूल एड काढून फेकतं. उंच फ्रिक्वेन्सी थोड्या खाली आणून देणारं सेटिंगही चालू केलं म्हणजे स ची थोडी तरी खूण तिला मिळेल. घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती की एड चष्म्यासारखं लगेच काम करत नाही. बाहेरच्या केसपेशी गेल्या की नुसता आवाज कमी होत नाही, दोन जवळचे आवाज वेगळे करायची ताकदही कमी होते, ती एड देत नाही. शिवाय मेंदूनं जे आवाज जन्मात नीट ऐकले नाहीत त्यांचा अर्थ त्याला शिकावा लागतो.

पहिल्या आठवड्यात चिऊला जो नवा आवाज सगळ्यात जास्त जाणवला तो फोडणीचा. मोहरी तडतडली, भाजी पडली, चर्र झालं की ती एड ओढून काढायची आणि स्वयंपाकघरातून पळायची. आजी म्हणाल्या हिला त्रास होतोय, राहू दे. मी मात्र खूश होते, कारण तो चर्र आवाज बराचसा स च्याच भागातला. सेटिंग थोडं कमी केलं, दिवसातून थोडा थोडा वेळ वाढवत नेला, पंधरा दिवसांत ती दिवसभर घालायला लागली. बॅटरीचं मात्र सगळ्या घराला बजावलं, ती बटणासारखी बॅटरी मुलानं गिळली तर जीवावर बेतू शकतं, जुनी काढली की लगेच मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची, आणि गिळल्याची शंका आली तरी सरळ दवाखाना गाठायचा. आपल्याकडच्या पावसाळ्यात घाम आणि दमट हवेनं एड बंद पडतात, त्यासाठी सिलिका जेलची डबी, रोज रात्री त्यात.

रोज सकाळी आई एक छोटी तपासणी करते, डॅनियल लिंग या तज्ज्ञांच्या नावानं ओळखली जाणारी, सहा आवाजांची. आ, ऊ, ई, म, श, स. चिऊच्या मागे, थोडं बाजूला बसून, कुठल्याही क्रमानं, मधे मधे गप्प राहून, आणि चिऊनं ऐकलं तेच म्हणायचं. सहा आवाजांत बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीचा सगळा पल्ला येतो. स चुकला तर बॅटरी बघायची, साचा मळलाय का बघायचं, सर्दी आहे का बघायचं. दोन मिनिटांचं काम, आणि आईच्या वहीत रोजची नोंद आहे. सुरुवातीला स अर्ध्या हातावरून पण येत नव्हता, दिवाळीपर्यंत एका मीटरवरून यायला लागला.

थेरपीत मी सुटे शब्द घोटून घेतले नाहीत फारसे. प्रत्ययांवर काम केलं, कारण तिथेच अर्थ निसटत होता. आई मशीन थांबवून (हे महत्त्वाचं, मशीनच्या घरघरीत काहीच उपयोग नाही) चिऊच्या एडजवळ, रोजच्या कामांतलंच बोलायची: "जेवलीस? कुठं ठेवलंस? डब्यात की ताटात? खिशात बघितलंस?" शेवट न गिळता, पण ओरडून नाही, ओरडलं की स्वर मोठा होतो आणि स तिथेच राहतो. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो, त्यापेक्षा स्वस्त उपाय जगात नाही. आजींना गोष्टी सांगायला लावलं, त्यांच्या गोष्टी भारी असतात आणि चिऊ त्यांच्या मांडीवर बसते, म्हणजे अंतर आपोआप कमी. हातवारे बंद करा असं मी कधीच सांगत नाही, ज्या मुलांना एड किंवा इम्प्लांटचा उपयोग होत नाही त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे आणि ती लवकर मिळायला हवी, चिऊला तिची गरज नव्हती एवढंच.

शाळेत मी स्वतः गेले. पत्र्याचं छप्पर, शेजारच्या वर्गाचा पाढ्यांचा आवाज, पाऊस आला की बोलणंच बंद. बाई समजूतदार होत्या. चिऊला खिडकीपासून लांब पुढे बसवलं, फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, मागच्या मुलानं उत्तर दिलं की बाईंनी ते परत म्हणायचं, आणि "कळलं का" असं विचारायचं नाही कारण त्याला ती कायम हो म्हणते, "काय करायचंय सांग बघू" असं विचारायचं. दुपारच्या चिडचिडीचं कारण सांगितल्यावर बाईंना वाईट वाटलं. दिवसभर कान आणि डोळे ताणून शब्द जुळवत बसल्यावर मूल थकतं, खरंच थकतं. मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं तिला चित्र काढू द्यायचं ठरलं आणि रडणं बरंच कमी झालं.

वर्षभरात "घरात" आणि "ताटात" आले. "जेवलीस का" यायला जास्त वेळ लागला, पण आलं, आधी बाहुलीला, मग धाकट्या भावाला. हा भाऊ २०२३ मध्ये झाला, पूर्ण दिवसांचा, तरी आईनं महिन्याच्या आत त्याची तपासणी करून घेतली. नियम तोच आहे, पहिल्या महिन्यात स्क्रीनिंग, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. एनआयसीयूतल्या बाळाची ओएई सोबत बेरासुद्धा व्हायला हवी, कारण ओएई फक्त बाहेरच्या केसपेशींबद्दल सांगते, पुढची नस नीट चालत नसेल तर ते तिला दिसतच नाही. गावातल्या लोकांसाठी रस्ता असा: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, जो २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झाला, त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, त्यांना सांगितलं की जिल्हा रुग्णालयाच्या केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासून, तिथे सगळ्या टेस्ट होतात. मुलांच्या बहिरेपणातली जवळपास ६० टक्के कारणं टाळता येण्यासारखी असतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चिऊचं कारण टाळता आलं असतं की नाही ते सोडा, तिचं निदान मात्र चार वर्षं आधी होऊ शकलं असतं.

आता ती तिसरीत आहे. वाचायला लागल्यापासून तिचा वेग वाढलाय, कारण जो स कानाला पुसट येतो तो पुस्तकात इतर अक्षरांइतकाच ठळक छापलेला असतो, आणि छापलेला बघितल्यावर ती तो बोलण्यातही आणते. शब्दसंग्रह अजून वयाच्या मागे आहे, विशेषतः जे शब्द मुलं मोठ्यांचं आपसातलं बोलणं ऐकता ऐकता उचलतात ते, दूरचं बोलणं तिच्यापर्यंत पोचतच नाही. डाव्या कानाचा ४,००० चा आकडा गेल्या वर्षी ७५ वरून ८५ वर गेलाय, म्हणून आता दर सहा महिन्यांनी ऑडिओग्राम, आणि उतार आणखी वाढला तर इम्प्लांटचा विचार करावा लागेल हे आईवडिलांना सांगून ठेवलंय. सध्या अडचण इंग्रजीची आहे, कॅट आणि कॅट्स, बुक आणि बुक्स तिला एकच ऐकू येतात. बाई दर शनिवारी पुढच्या आठवड्याचे शब्द चिठ्ठीवर लिहून घरी पाठवतात, आई ते चित्रांसोबत आधीच वाचून घेते, आणि पुढच्या महिन्यात वर्गासाठी वायरलेस माइक मिळतो का ते बघायला मी आणि मुख्याध्यापक सर पंचायत समितीत जाणार आहोत.